यंत्रापुरती हवा

३ नोव्हेंबर, सकाळ

आजपासून रोजनिशी. चळवळीच्या नेत्याने नोंदी ठेवल्या पाहिजेत. चळवळ अजून सुरू झालेली नाही, पण नेता तयार आहे.

बाहेर धुरकं. समोरची पाण्याची टाकी दिसत नाही. ती तिथे आहे असं आठवणीवर मानायचं. सूर्य उगवला, पण त्याच्याकडे खुशाल टक लावून बघता आलं. सूर्याची ही गत ज्यांनी केली त्यांना जाब विचारणारा या शहरात कोणी उरला आहे की नाही? आहे. मी.

कारण नोंदवून ठेवतो. भिंगरी. माझी नात, वय सहा. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जायचं तरी वाटेत दोन गिरक्या घेते. गेले काही दिवस खोकते आहे, आणि खोकला थांबला की छातीत कोणीतरी शिट्टी वाजवतंय असा आवाज येतो. काल मुलगा आणि सून तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. बाई म्हणाल्या, मी औषध देईन, पण वरून घाण ओतणं चालूच राहिलं तर गाळणी किती धुणार. हिवाळाभर हिला दुसरीकडे ठेवता आलं तर बघा. सुनेचं माहेर लांब, डोंगरातल्या लहान गावात. मुलाच्या कंपनीची तिथे शाखा आहे. बदलीचा अर्ज डिसेंबरअखेर द्यायचा असतो. हे सगळं मला जेवताना सांगण्यात आलं, म्हणजे आधीच बोलून झालं होतं.

मी ताट बाजूला सारून सांगितलं, भिंगरी कुठेही जाणार नाही. माणसांनी हवेला घाबरून घर सोडायचं, की हवेने माणसांना घाबरून सुधारायचं? मला फक्त एक महिना द्या.

ही म्हणाली, अहो, बोलून झालं असेल तर भात वाढते.

संकल्प: एका महिन्यात हवा.

५ नोव्हेंबर

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहिली सभा. मी उभ्या उभ्या बोललो, विषय श्वासाचा हक्क. सुरुवात गाजली. मधला भाग नीट ऐकू गेला नाही, कारण माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या तिन्ही गाड्या गेटजवळ चालू होत्या. वस्ताद, म्हणजे माझ्याकडे वर्षानुवर्षं गाडी शिकवणारा माणूस, सकाळी आधी सगळी इंजिनं गरम करून ठेवतो. थंड इंजिनावर शिकाऊ माणसाने क्लच सोडला की गाडी आचका देऊन बंद पडते आणि त्याचा आत्मविश्वास कायमचा जातो. याला इलाज नाही. हे शास्त्र आहे.

तळमजल्यावरचे वकील म्हणाले, नेते, श्वासाच्या हक्काचं तुमचं भाषण आमच्या नाकात चाललंय. ते नळकांडं जरा तिकडे फिरवा.

लोक हसले. मी शांतपणे सांगितलं, एखाद्या माणसाचा धूर आणि व्यवस्थेचा धूर यात फरक करायला शिका. वकिलांनी हार मानली. रुमाल नाकाला लावून आत गेले.

वस्तादला गाड्या थोड्या पुढे घ्यायला सांगितलं. उद्यापासून गरम करायची वेळही कमी करणार. थंडी ओसरली की लगेच.

८ नोव्हेंबर, संध्याकाळ

मोर्चा झाला. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त माणसं. लोक खरंच संतापले आहेत, हे आज डोळ्यांनी पाहिलं. एका बाईने तान्ह्या मुलाच्या तोंडावर ओला फडका धरला होता आणि दर थोड्या वेळाने तो पिळून पुन्हा धरत होती. एक जण आजारी वडिलांना चाकाच्या खुर्चीत घेऊन आला होता, मांडीवर ऑक्सिजनचा सिलिंडर. आमच्या प्रभागातल्या एका बसचालकाने गळ्यातला रुमाल काठीला बांधून झेंड्यासारखा धरला होता. सकाळी तो पांढरा होता म्हणे. अशा माणसांना शब्द देणं हे माझं काम. नाहीतर माझ्या इतक्या वाचनाचा उपयोग काय?

मी अग्रभागी होतो, गाडीत. टपावर कर्णा बांधलेला, त्यामुळे गाडी लागणारच. वस्तादने सगळा रस्ता पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर काढला. काय कौशल्य. मागचे लोक हळूहळू मागे मागे का राहू लागले ते कळलं नाही. शिस्त कमी.

महापालिकेत पर्यावरण विभागाच्या साहेबांनी शिष्टमंडळाला भेट दिली. मी त्यांना मनातल्या मनात हवासाहेब म्हणतो. खोलीच्या खिडक्या पट्ट्या मारून बंद. कोपऱ्यात हवा शुद्ध करणारं उपकरण घुंई करत होतं. खरं सांगायचं तर आत बरं वाटलं.

हवासाहेब फार सभ्य. म्हणाले, तुमच्या प्रभागात प्रदूषण असल्याची आमच्याकडे नोंदच नाही. मी विचारलं, का नाही? तर म्हणाले, नोंद करणारं यंत्र तुमच्याकडे नाही. बसचालकाने काठीवरचा रुमाल सोडून टेबलावर ठेवला. म्हणाला, ही घ्या नोंद. साहेबांनी तो पेनच्या टोकाने उचलून बघितला आणि म्हणाले, रुमाल प्रमाणित नाही.

मग चालू असलेल्या उपायांची माहिती दिली. रस्त्यावर पाणी मारणं, दुभाजकात कुंड्या, पुलाच्या खांबांना हिरवा रंग. हिरवं दिसलं की नागरिकांना बरं वाटतं, असा अहवाल आहे.

इथे मात्र माझा स्फोट झाला. टेबलावर मूठ आपटून म्हणालो, रंग नको, कुंड्या नकोत, आम्हाला यंत्र द्या. जे मोजलं जात नाही ते सरकारच्या लेखी घडतच नाही, आणि माझी नात तर रोज घडते आहे. शिष्टमंडळाने टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या.

येताना बसचालक म्हणाला, काका, आपण हवा मागायला गेलो होतो ना? त्याला म्हटलं, लढ्याला टप्पे असतात.

१३ नोव्हेंबर

महापालिकेची तोफगाडी आली. उंच पाणी उडवते. धूळ खाली बसली, चिखल झाला, दुपारी वाळला आणि संध्याकाळी टेम्पोच्या चाकांनी पुन्हा वर गेला. म्हणजे धूळ तीच, फक्त अंघोळ करून आली.

सोबत सूचनापत्रक. लहान मुलं, वृद्ध आणि आजारी यांनी घराबाहेर पडू नये. इतरांनी घाबरून जाऊ नये. शाळेचं मैदान बंद. सून खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबून ठेवते. संध्याकाळी ते काढले की काळ्या पट्ट्या. ही ते धुते, तोंडाने काही बोलत नाही, पण आपटण्याचा आवाज माझ्या दिशेने येतो.

भिंगरी बंद खिडकीला नाक लावून बसली होती. काचेवर तिच्या श्वासाचा गोल उमटायचा, लहान, आणि पुरता विरायच्या आत दुसरा. इतक्या भरभर लहान मुलं श्वास घेतातच. मी निरीक्षण केलं आहे.

२० नोव्हेंबर

विजय.

यंत्र आलं. पुढच्या गेटसमोर जी त्रिकोणी बाग आहे, तिच्यात खांबावर बसवलं. खाली मोठा बोर्ड, हवेप्रमाणे रंग बदलणारा. हिरवा चांगला, पिवळा बरा, नारिंगी वाईट, लाल म्हणजे गंभीर. उद्घाटनाला नगरसेविकाबाई, हवासाहेब आणि मी. भाषण माझं. या बागेत आज सत्याचं झाड लावलं आहे, असं म्हणालो. बरोबर त्याच क्षणी बोर्ड सुरू झाला आणि लालभडक पेटला. लोकांना वाटलं कार्यक्रमातली रोषणाई आहे. भरपूर टाळ्या पडल्या. नगरसेविकाबाई म्हणाल्या, किती छान रंग आहे.

भिंगरीला गॅलरीतून दाखवलं. म्हणाली, आजोबा, आता मी बरी होणार? म्हटलं, होणार म्हणजे काय, झालीसच.

२३ नोव्हेंबर, सकाळ

बोर्ड रोज लाल. दिवसभर जरा नारिंगीकडे झुकतो, पण सकाळी एका ठरावीक वेळी एकदम पेटतो. वकील त्या वेळी मुद्दाम खुर्ची टाकून बसतात. म्हणाले, नेते, तुमच्या पहिल्या गाडीला स्टार्टर मारला की नारिंगी, दुसरीला लालसर, तिसरीला लाल. सिग्नलसुद्धा इतका वेळेवर बदलत नाही.

याला म्हणतात अर्धवट विज्ञान. कोंबडा आरवल्यावर सूर्य उगवतो, म्हणून सूर्य कोंबड्याने उगवला का? असं विचारलं. वकील म्हणाले, कोंबडा तीन वेळा धूर सोडत नाही.

तरी यंत्राला विनाकारण त्रास नको म्हणून गाड्या उद्यापासून मागच्या गल्लीत उभ्या करायचं ठरवलं. वस्ताद म्हणाला, मालक, गल्लीत तर तुमच्याच मागच्या खोलीची खिडकी येते, पोरगी झोपलेली असते. म्हटलं, खिडकी बंद असते आणि फटीत टॉवेल असतो. आपण सगळा विचार केलेला आहे.

२५ नोव्हेंबर

सकाळी बोर्ड नारिंगी. लालवरून नारिंगी, दोन दिवसांत. सरकारला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते एका नागरिकाने केलं. पेढे वाटावेत असं म्हणणार होतो, पण भिंगरीला रात्रभर झोप नव्हती, सुनेचे डोळे सुजलेले. योग्य वेळ नव्हती.

२८ नोव्हेंबर

प्रभागाच्या हवा सुधार समितीवर माझी नेमणूक. गळ्यात घालायचं ओळखपत्र, फोटो जरा जुना पण करारी. पहिल्या बैठकीत हवासाहेबांनी विचारलं, तुम्ही गाड्या हलवून बोर्ड नारिंगी केलात, तेच मोठ्या प्रमाणात कसं करता येईल?

मी उभा राहिलो. आयुष्यभर गाडी शिकवण्यात घालवलेल्या माणसाने सांगितलं: पुढचा रस्ता वाहनमुक्त करा. बस, ट्रक, टेम्पो, सगळी वाहतूक मागच्या गल्लीने वळवा. गल्ली अरुंद आहे, पण क्लचवर ताबा असलेल्या चालकाला अडचण नाही.

हवासाहेबांनी लिहून घेतलं. सरकारी माणसाने माझा शब्द न् शब्द लिहून घेतल्याची ही पहिली वेळ. पेनच्या त्या आवाजाने अंगावर काटा आला.

घरी सांगितलं. मुलाने हातातला फोन खाली ठेवला. म्हणाला, बाबा, मागची गल्ली म्हणजे आपली मागची गल्ली? मी म्हटलं, गल्ली कोणा एकाची नसते. तो म्हणाला, खिडकी आपली आहे.

नोंद: भिंगरीला ट्रक बघायला आवडतात.

१ डिसेंबर

पिवळा.

३ डिसेंबर, दुपार

हिरवा. महिन्याचा वायदा केला होता आणि महिन्यात हिरवा करून दाखवला. पुढचा रस्ता मोकळा, चकचकीत ओला. तोफगाडी आता शहरात इतरत्र फिरत नाही. यंत्राभोवतीच उभी असते, सकाळ-संध्याकाळ फवारा. मागची गल्ली मात्र कर्णकर्कश. ट्रक एकामागे एक अडकतात आणि इंजिनं चालू ठेवून उभे राहतात. चालकांना प्रशिक्षण कमी पडतंय. यावर शिबिर घ्यायला हवं.

घरात वाफ देण्याचं मशीन आणलं. भिंगरी तोंडाला प्लॅस्टिकचा मुखवटा लावून आईच्या मांडीवर बसते आणि ते घरघर करत राहतं. गिरक्या नाहीत. हाक मारली तरी आधी श्वास घेते, मग वळते.

मी सुनेला म्हटलं, बघ, हिरवा झाला, आता महिन्याभरात पोर ठणठणीत होते की नाही. सून मुखवटा धरून होती. म्हणाली, बाबा, बोर्ड पुढे आहे, आपण मागे झोपतो.

मी तिला समजावलं की हवा ही काही कापडाचा तागा नव्हे, एका बाजूने धुतला आणि दुसऱ्या बाजूने मळका. हवेला पुढचं मागचं नसतं. हवा एक आहे.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, मग तुम्ही झोपा की मागच्या खोलीत.

झोपणार होतो. पाठीचं दुखणं आहे, पलंग बदलला की उचल खातं.

६ डिसेंबर

अपूर्व दिवस. भिंगरीला कडेवर घेऊन बागेत गेलो, हिरवा बोर्ड जवळून दाखवायला. यंत्राखालच्या बाकावर बसवलं. फवारा चालू, रस्ता सुना, धूळ नाही, धूर नाही. थोड्या वेळाने शिट्टीचा आवाज बारीक झाला. मग थांबला. ती बाकावरून उतरली, बोर्डाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, आजोबा, इथे श्वास आपोआप येतो.

डोळ्यांत पाणी आलं. आता म्हणा की हवा सुधारली नाही.

सुनेला बोलावून दाखवलं. तिने पोरीच्या छातीला कान लावला आणि तशीच बसून राहिली. मग म्हणाली, रोज आणू या. मी अर्ज थांबवायला सांगते यांना. थोडे दिवस.

९ डिसेंबर

बातमी पसरली. बागेत पाय ठेवायला जागा नाही. चाकाच्या खुर्चीतले आजोबा सिलिंडर घरी ठेवून आले. ओला फडका धरणारी बाई मूल उघडं घेऊन बसली होती. वकीलसुद्धा पेपर घेऊन. म्हणाले, नेते, शहर एवढं मोठं आणि श्वास घ्यायला एक बाक. तरी आहे हे काय कमी. हे कौतुक समजायचं ठरवलं. बसचालक जेवणाच्या सुट्टीत येतो, बाकाच्या कडेला डोकं टेकून झोपतो.

भिंगरी सगळ्यांच्या मधून फिरते. दुपारभर खोकली नाही. संध्याकाळी घरी नेलं की रात्री पुन्हा सुरू. पण दुपारभर नाही.

१२ डिसेंबर

समितीची तातडीची बैठक. बोर्ड दुपारी पिवळा पडतो आहे. हवासाहेबांचा चेहरा उतरलेला. म्हणाले, गर्दी होते, माणसांच्या पायांनी धूळ उडते, कोणी विडी ओढतं, कोणी स्टोव्ह आणून चहा विकतं. महिनाअखेरपर्यंत बोर्ड सलग हिरवा राहिला तर आपला प्रभाग आदर्श हवा प्रभाग जाहीर होणार आहे. वरून पाहणी आहे. शहरभर हाच नमुना राबवणार आहेत. तुमच्या नावाने.

माझ्या नावाने, असं नाही म्हणाले कदाचित. पण रोख तसा होता.

उपाय काय? सगळे माझ्याकडे बघू लागले. यंत्राभोवती कुंपण घालावं आणि वॉचमन ठेवावा, असा ठराव मी मांडला. मनाला थोडं लागलं, पण नेत्याने दुपारपुरता विचार करून चालत नाही. बोललोही चांगलं. म्हणालो, यंत्र वाचलं तर शहर वाचेल, शहर वाचलं तर माणसं वाचतील, माणसं वाचली तर भिंगरी वाचेल. एकमताने मंजूर. हवासाहेबांनी हात हातात घेतला. त्यांचा हात गार आणि स्वच्छ.

भिंगरीसाठी खास परवानगी मागणार होतो. पण ठराव मांडणाऱ्यानेच सवलत मागायची, हे बरं दिसलं नसतं. पुढच्या बैठकीत नक्की.

१४ डिसेंबर

कुंपण उभं राहिलं. हिरवा रंग, नक्षी छान. सून भिंगरीला घेऊन गेली तर वॉचमनने थांबवलं. ती म्हणाली, माझे सासरे समितीत आहेत. तो म्हणाला, ताई, त्यांचाच ठराव आहे. सून परत आली. माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढलं, बोलली नाही. असल्या न बोलण्याला उत्तर देता येत नाही. मी वक्ता आहे, मला निदान एक वाक्य हवं.

वकिलांनी जिन्यात गाठलं. म्हणाले, नेते, यंत्राला म्हणावं मजेत श्वास घे, आमचं बघू आम्ही.

१७ डिसेंबर

प्रभाग हिरवा म्हणून निर्बंध उठले. शाळेचं मैदान सुरू, खेळाचे तास सक्तीचे. सुनेने डॉक्टरबाईंचं पत्र देऊन सुट्टी मागितली. शाळेतून उत्तर: पोर्टलवर आपला प्रभाग उत्तम दिसतो, तरी हवेच्या कारणास्तव सुट्टी देता येत नाही. मागच्या गल्लीच्या टोकाला सिमेंट कालवण्याच्या कारखान्यालाही परवानगी मिळाली. त्याचा अर्ज दोन वर्षं अडकला होता, प्रदूषण जास्त म्हणून. आता प्रदूषण नाही.

हवासाहेबांना फोन केला. भेटले नाहीत. सचिव म्हणाला, साहेब पाहणीच्या तयारीत आहेत, आणि अभिनंदन.

संकल्प: परखड पत्र लिहिणार. आज फक्त मायना जमला.

१९ डिसेंबर, दुपार

भिंगरी दवाखान्यात. खेळाच्या तासाला मैदानावर खाली बसली, ती उठली नाही. ओठ निळे पडले होते म्हणे. म्हणे लिहिलं. मी पाहिले. निळे होते.

मुलांचा वॉर्ड भरलेला. एका पलंगावर दोन दोन मुलं, उलट सुलट डोकी करून. आया जमिनीवर. कोणी रडत नव्हतं. रडायला लागतो तेवढा श्वास मुलांकडे नव्हता, आणि आया तोच ऐकत होत्या. बसचालकाची बायको तिथे भेटली, तिचा धाकटा दाखल आहे. मला बघून उठून उभी राहिली. म्हणाली, काका, तुमचं भाषण ऐकून आमचे हे बस घेऊन मागच्या गल्लीनेच जातात हो, नियम मोडत नाहीत.

भिंगरीच्या नाकाला नळी. माझं ओळखपत्र हातात घेऊन फिरवत होती. म्हणाली, आजोबा, यंत्राला बरं नाही का? कुंपण घातलंय. मी म्हटलं, त्याला जपावं लागतं. ती म्हणाली, मग मला पण घाला.

नर्स आली. बरं झालं.

२२ डिसेंबर

घरी आणलं. मुलाने बदलीचा अर्ज दिला. मला विचारलं नाही. डॉक्टरबाईंनी कागदावर लिहून दिलं आहे, ताबडतोब हलवा. ही पण त्यांच्याबरोबर जाते आहे. मी विचारलं, किती दिवस? ही म्हणाली, तुमच्या बोर्डाला विचारा, त्याला सगळं कळतं.

मीही येतो म्हणालो असतो. पण पाहणी अगदी तोंडावर आहे आणि ड्रायव्हिंग स्कूलचे शिकाऊ आहेत. हवा सुधारली की त्यांना परत आणायला कोणीतरी इथे असायला हवं.

२७ डिसेंबर, सकाळ

गेले.

टॅक्सी घरापर्यंत येईना. पुढचा रस्ता वाहनमुक्त, आणि मागच्या गल्लीत ट्रक, टेम्पो, बस एकमेकांत रुतलेल्या, टॅक्सी त्यांच्या पलीकडे. शेवटी सामान हातात घेऊन पुढच्या रस्त्याने चालत निघालो, मोठ्या चौकापर्यंत. रस्ता रिकामा, धुतलेला. कुंपणाजवळून जाताना वॉचमनने मला सलाम केला. मुलाने मान फिरवली.

तिथेच भिंगरीने आईचा हात सोडला. हवा बरी होती तिथे. तिने एक गिरकी घेतली. मग दुसरी. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. फ्रॉकचा घेर पसरला. सून पिशव्या खाली ठेवून बघत उभी राहिली, ही पण. कोणी तिला चल म्हणेना. मी म्हणायला हवं होतं की, बघा, इथेच राहू या, या रस्त्यावरच राहू या. वाक्य तयार होतं. मग ही म्हणाली, अहो, गाडी चुकेल.

चौकात धुरकं होतं. त्यात टॅक्सी लगेच दिसेनाशी झाली. भिंगरीने हात हलवला असेल. मी हलवला.

३० डिसेंबर

पाहणी पार पडली. वरचे साहेब कुंपणाबाहेरून बोर्ड बघून गेले. दहा पावलांवर गाडी उभी, काच खाली केली नाही. आमचा प्रभाग आदर्श जाहीर. हवासाहेबांनी माझं नाव घेतलं, आडनावात चूक केली.

सुनेच्या माहेरी फोन केला. मुलगा म्हणाला, तिकडे पहिल्या रात्रीपासून झोपली, बाबा. वाफेचं मशीन पेटीतून काढलंच नाही. मी म्हटलं, इकडेही हिरवा आहे. तो म्हणाला, हो का. जपून राहा.

३ जानेवारी, दुपार

सकाळपासून छाती जड. थोडा खोकला, शिट्टीसारखा. थंडीचा असावा. वस्ताद म्हणाला, मालक, जरा मोकळ्या हवेत बसा. मोकळी हवा एकाच ठिकाणी आहे.

ओळखपत्र घालून गेलो. वॉचमनने कुंपणाचं दार उघडून दिलं, समिती सदस्याला मनाई नाही. बाकावर एकटा बसलो. फवारा चालू. समोर मोकळा रस्ता. खरंच, श्वास आपोआप येतो. भिंगरी बरोबर बोलली होती. थोडा डोळा लागला.

वॉचमनने खांद्याला हात लावून उठवलं. खूप अदबीने. म्हणाला, साहेब, राग मानू नका, तुम्ही बसल्यापासून बोर्ड पिवळ्याकडे सरकतोय. मला वरून बोलणी बसतात. जरा उठता का.

उठलो.